शेवटी निघेल त्याने आवरायचं

फोनवर वाचत असाल तर एखादं साधंसं अ‍ॅप उघडा आणि फोन आडवा करून बघा. ब्राउझरचं सोडा, तो आपलं आपण निभावतो. पण साध्या अ‍ॅपमध्ये मजकूर वळला, ओळी लांब झाल्या, एवढंच तुम्हाला दिसतं आणि आत तेवढ्यात एक मोडामोड होऊन जाते. अँड्रॉइडवाले ज्याला ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ म्हणतात, म्हणजे तुमच्यासमोरच्या पडद्याचा सगळा संसार, तो फोन वळल्याबरोबर मोडतात आणि नव्या मापाचा नवा मांडतात. जुन्याची जागा मोकळी व्हायला हवी. पण अ‍ॅपच्या कुठल्याशा कोपऱ्यात ‘अर्ध्या मिनिटाने परत ये’ असं सांगून बसवलेला एखादा टायमर असतो आणि त्याने जुन्या अ‍ॅक्टिव्हिटीचं बोट धरून ठेवलेलं असतं. यंत्रणा बघते, कुणीतरी धरलंय, म्हणजे लागत असेल. ती काही त्याला हात लावत नाही. मग फोन दहा वेळा वळवला की दहा मोडलेले संसार मेमरीत तसेच पडून. फोन जड होतो आणि आपण म्हणतो, दोन वर्षांत म्हातारा झाला.

हे पकडण्यासाठी ‘लीककॅनरी’ नावाचं एक साधन आहे, २०१५ साली स्क्वेअर कंपनीने सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याची युक्ती मला फार आवडते. ज्या गोष्टीने आता जायला हवं, तिच्याकडे ते एका विशिष्ट प्रकारच्या हाताने बोट दाखवून ठेवतं: वीक रेफरन्स. हा हात वस्तूला दाखवतो, पण धरत नाही. पाच सेकंद थांबायचं. तेवढ्यात वस्तू गेली असेल तर हात रिकामा होतो, सगळं ठीक. हात रिकामा झाला नाही, तर दुसऱ्या कुणीतरी तिला धरून ठेवलंय. मग ते कोण, याचा शोध.

मी फोनवर काम करत नाही, सर्व्हरवर करते. हिंजवडीतल्या एका कंपनीत, सी प्लस प्लसमध्ये. आमच्याकडे काही हजार ट्रक आहेत, म्हणजे ट्रक लोकांचे, त्यांचे ठावठिकाणे आमच्याकडे. प्रत्येक ट्रकमधली डबी दर काही सेकंदांनी सांगत राहते, मी इथे आहे. ट्रक जोडला गेला की त्याच्या नावाची एक वस्तू सर्व्हरच्या मेमरीत तयार होते, तिला आम्ही सेशन म्हणतो. ट्रक घाटात शिरला, नेटवर्क गेलं, की सेशनने जायला हवं. मी या टीममध्ये आले तेव्हा सेशन जात नव्हती. मेमरी दिवसभर चढत राहायची आणि पहाटे तीन वाजता सगळा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा, असा नेमच होता. देवाला निजवून काकडआरतीला उठवावं तसा. कुणी, कधी सुरू केला हे कुणालाच आठवत नव्हतं. हसू नका, तुम्ही वापरता त्यातल्या बऱ्याच गोष्टी अशाच पहाटे उठतात.

सेशन का जात नव्हती हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

वापरून झालेली मेमरी परत कशी मिळवायची, याची दोन मुख्य उत्तरं एकाच वर्षी, एकाच नियतकालिकात छापून आली. १९६० साली जॉन मॅकार्थीने लिस्प भाषेसाठी जे सुचवलं ते असं: अधूनमधून सगळं थांबवा, ज्या वस्तू नक्की लागतात तिथून निघा, बोट धरत धरत जिथवर पोचता येईल तिथवर जा, आणि जिथे पोचता आलं नाही तो केर समजून झाडून काढा. जॉर्ज कॉलिन्सने त्याच वर्षी दुसरं सांगितलं: प्रत्येक वस्तूच्या कपाळावर एक आकडा लिहा, तिला किती जणांनी धरलंय तो. नवीन कुणी धरलं की एक वाढवा, सोडलं की एक कमी करा. शून्य झाला की त्याच क्षणी आवरून टाका. पहिलं म्हणजे दिवाळीची साफसफाई. दुसरं म्हणजे, खोलीतून जो शेवटी निघेल त्याने दिवा, पंखा बंद करून कडी लावायची. जावा पहिल्या घराण्यातली. पायथॉन, स्विफ्ट आणि आमचं सी प्लस प्लसमधलं ‘शेअर्ड पॉइंटर’ ही दुसऱ्या.

मोजणीच्या पद्धतीतली खोट १९६३ सालीच हॅरल्ड मॅकबेथ यांनी दाखवून दिली. दोन वस्तूंनी एकमेकींना धरलं असेल आणि बाकी जगाने दोघींना सोडलं असेल, तर दोघींच्या कपाळावर एकेक उरतो. शून्य कधीच होत नाही. आमच्याकडे अगदी हेच होतं. सेशनने टायमरला धरलं होतं, कारण ट्रक गप्प झाला तर किती वेळाने विचारायचं हे टायमर सांगतो. टायमरने सेशनला धरलं होतं, कारण वेळ झाल्यावर हाक कुणाला मारायची हे त्याला माहीत हवं. ट्रक केव्हाच नागपूरला पोचून रिकामा झालेला असे, आणि हे दोघे एकमेकांसाठी थांबलेले.

हे चित्र मी बोर्डावर काढलं, दोन गोल आणि दोन बाण, तेव्हा मला आमचं गावचं घर आठवलं. आठवलं म्हणजे मुद्दाम उपमा शोधत नव्हते. त्याच आठवड्यात त्यावरून घरी तिसऱ्यांदा वाद झाला होता.

घर राजापूर तालुक्यात आहे. मातीच्या भिंती, नळीची कौलं, पुढे पडवी, मागे विहीर. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर माझे बाबा आणि काका अशी दोन नावं राहिली. बाबा पुण्यात, काका डोंबिवलीत. काकांना घर नको आहे. त्यांचे गुडघे गेलेत आणि मुलगा कॅनडात आहे. बाबांनाही तसं नको होतं. पण काका म्हणायचे, दादा जोवर नाव काढत नाही तोवर मी का काढू? आणि बाबा म्हणायचे, त्याने आधी काढावं, मी मोठा आहे. विकायचं तर दोघांची सही हवी, दुरुस्त करायचं तर दोघांचे पैसे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, घराला दोन मालक आहेत. खरं तर दोघांनी घराला धरलेलंच नव्हतं, दोघांनी एकमेकांना धरलं होतं.

परत सर्व्हरकडे. अशा वर्तुळावरचा रूढ उपाय म्हणजे त्यातला एक बाण वीक करायचा. कुठला, हे ठरवण्याचा एक ढोबळ नियम सगळी पुस्तकं सांगतात: पालकाने मुलाला घट्ट धरावं, मुलाने पालकाला वीक धरावं. पहिल्यांदा वाचताना हे वाक्य मला जरा लागलं होतं. पण त्यामागचा हिशोब साधा आहे. पालक ती वस्तू, जिच्या असण्यावर दुसरीचं असणं अवलंबून आहे. ती निघाली की धाकटीलाही निघायचंच आहे. धाकटीने मोठीला अडवून धरलं तर दोघीही अडकतात.

सी प्लस प्लसमध्ये २०११ पासून ‘वीक पॉइंटर’ भाषेतच आला, त्याआधी लोक ‘बूस्ट’ नावाच्या संग्रहातून घ्यायचे. तो चालतो कसा ते बघण्यासारखं आहे. प्रत्येक वाटून घेतलेल्या वस्तूबरोबर एक छोटी वही असते. तिच्यात दोन आकडे: घट्ट धरणारे किती आणि नुसते ओळखणारे किती. पहिला आकडा शून्य झाला की वस्तू जाते. पण वही जात नाही. ओळखणाऱ्यातलं कुणी तरी अजून येऊन विचारेल, ‘आहे का हो?’ आणि ‘नाही, गेली’ हे सांगायला काहीतरी मागे उरलं पाहिजे. शेवटचा ओळखणाराही गेला की मग वही जाते. यात एक गंमत आहे. वस्तू आणि वही एकाच तुकड्यात मांडण्याची सोय आहे, वेळ वाचतो म्हणून सगळे ती वापरतात. तसं केलं तर वस्तू गेल्यावरही तिची जागा परत मिळत नाही, जोवर तिला नुसतं ओळखणारं एक जरी माणूस शिल्लक आहे. घर पडलं, पण पत्ता विचारणारं कुणीतरी आहे, म्हणून चौथरा तसाच.

तर माझ्या आधी टीममध्ये असलेल्या कुणीतरी टायमरकडून सेशनकडे जाणारा बाण वीक केला होता. हा बदल एका बाजूच्या शाखेत दीड वर्ष पडून होता, कारण तो चढवला की मेमरी चढायची थांबायची आणि सर्व्हर आठवड्यातून एकदा कोसळायचा. पहाटे तीनची आरती परवडली, असं ठरलं. माझ्याकडे ते काम आलं ते असं: हे का कोसळतं ते बघ.

कोड दोन ओळींचा होता. पहिली ओळ विचारायची, सेशन संपलंय का? नसेल संपलं, तर दुसरी ओळ ते हातात घेऊन ट्रकला निरोप पाठवायची. वाचायला निर्दोष. मी दोन दिवस दुसरीकडेच शोधत होते, कारण या दोन ओळींत चूक असेल असं कुणालाच वाटत नाही.

तुम्ही तत्काळ तिकीट काढलं असेल तर चूक तुम्हाला माझ्याहून लवकर कळेल. पडद्यावर दिसतं, चार जागा शिल्लक. तुम्ही नाव, वय, जेवण हवं-नको भरता, पैसे भरता, आणि तिकीट येतं वेटिंग लिस्टचं. पडदा खोटं बोलला नव्हता. त्याने विचारलेल्या क्षणाचं उत्तर दिलं. तुम्ही ते पुढच्या क्षणी वापरलं, आणि मधल्या वेळात भुसावळपासून भांडुपपर्यंत सगळे तुमच्यासारखंच बटण दाबत होते. सर्व्हरमध्येही एकाच वेळी पुष्कळ थ्रेड धावत असतात. टायमरच्या थ्रेडने विचारलं, आहे का? उत्तर आलं, आहे. पुढच्या ओळीवर जाईपर्यंत नेटवर्कच्या थ्रेडला कळलं की ट्रक तुटला, त्याने हात सोडला, आकडा शून्य झाला, सेशन गेलं. टायमरने हात पुढे केला तो रिकाम्या जागी. हजार वेळांत एकदाही होणार नाही. पण काही हजार ट्रक आणि सात दिवस म्हटल्यावर एकदा होतंच.

म्हणून जाणते लोक ‘संपलं का’ असं विचारतच नाहीत. विचारणं आणि धरणं एकाच दमात करायचं. वीक पॉइंटरमध्ये त्यासाठी असलेल्या क्रियेचं नाव आहे ‘लॉक’. ती वहीतला आकडा वाचते. शून्य असेल तर सरळ नाही म्हणते. तीन असेल तर प्रोसेसरला सांगते, ‘अजून तीनच असेल तरच चार कर.’ तेवढ्यात कुणी दोन केला असेल, तर पुन्हा पहिल्यापासून. शून्यावरून एक मात्र कधीच करायचा नाही, गेलेल्याला परत आणायचं नाही. एवढं झालं की तुमच्या हातात एकतर काहीच नसतं, किंवा घट्ट धरलेली, तुम्ही सोडेपर्यंत न जाणारी वस्तू असते. ‘आहे, पण कदाचित नसेल’ ही तिसरी अवस्था उरत नाही.

इथे एक आडवाट. नुसतं विचारलं तर काय बिघडतं, असं आपल्याला वाटतं. स्विफ्ट भाषेत काही वर्षं तेवढ्यानेही बिघडायचं. वीक रेफरन्स वाचताना वस्तू गेलेली दिसली, तर वाचणाराच जाता जाता आपला हात पुसून टाकायचा आणि वहीतला आकडा एकाने कमी करायचा. दोन थ्रेडनी एकाच क्षणी वाचलं तर दोघेही कमी करायचे, आणि वही वेळेआधीच फाटायची. दोघांनी काही बदललं नव्हतं, फक्त बघितलं होतं. २०१७ च्या स्विफ्ट ४ मध्ये हिशोबाची रचनाच बदलून हे दुरुस्त झालं.

मी दोन ओळींची एक केली. आठवडा गेला, सर्व्हर कोसळला नाही. मेमरी सपाट. आमच्या टीम लीडने पहाटे तीनचा नेम बंद केला आणि कँटीनमध्ये सगळ्यांना मिसळ खाऊ घातली. बाराव्या दिवशी नकाशावरचे सगळे ट्रक थांबले.

कोसळलं काहीच नव्हतं. सर्व्हर जिवंत, मेमरी ठीक, प्रोसेसर निवांत. फक्त टायमरचा थ्रेड कशाची तरी वाट बघत उभा होता आणि त्याच्यामागे सगळं तुंबलं होतं. या वेळचं कारण मला जास्त विचार करायला लावणारं ठरलं.

टायमरने सेशन घट्ट धरलं, निरोप पाठवला. त्याच वेळी नेटवर्कच्या थ्रेडने आपला हात सोडला. एरवी तोच शेवटचा असता. आता शेवटचा टायमर ठरला, पाहुणा म्हणून आलेला. त्याचं काम झालं, त्याने हात सोडला, आकडा शून्य झाला, आणि नियमाप्रमाणे शेवटी निघेल त्याने आवरायचं. आवरणं म्हणजे काय? सेशन जाताना आपला टायमर रद्द करतं. रद्द करायचा तर टायमरच्या यादीला लावलेलं कुलूप हवं. आणि ते कुलूप होतं टायमरच्याच थ्रेडच्या हातात, कारण यादी चालवताना तो ते लावूनच बसतो. तो स्वतःच्याच हातातली किल्ली मिळायची वाट बघत उभा राहिला.

एका थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये कोण शेवटी निघणार हे कोड वाचून सांगता येतं. अनेक थ्रेड आले की ते कुणीच सांगू शकत नाही. आवरायचं काम कुणाच्याही गळ्यात पडू शकतं, कुठल्याही क्षणी, त्याच्या हातात काहीही असताना. ज्याने कधी ते घर वापरलं नाही, जो फक्त निरोप द्यायला आला, त्याच्यावर निरवानिरव येते, आणि नाही म्हणायची सोय नाही.

हान्स बोम यांनी २००३ साली एका निबंधात हीच अडचण मांडली होती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वस्तू जाताना करायची कामं, ज्यांना फायनलायझर म्हणतात, ती जो थ्रेड सापडेल त्याच्या मानेवर बसवू नका. ती वेगळ्या थ्रेडवर, हात मोकळे असताना व्हायला हवीत. जावाने फायनलायझरसाठी वेगळा थ्रेड ठेवला होता, पण ते कधी चालेल याचा भरवसा नाही, आणि जाता जाता वस्तू स्वतःला पुन्हा कुठेतरी अडकवून जिवंत होऊ शकते, असे बाकीचे ताप होतेच. शेवटी २०१७ च्या जावा ९ मध्ये ते वापरू नका म्हणून सांगितलं आणि २०२२ च्या जावा १८ मध्ये ते काढूनच टाकणार असं जाहीर केलं. त्याऐवजी १९९८ पासून जावात असलेला वीक रेफरन्स आणि त्याच्याबरोबरची रांग वापरणं बरं: वस्तू गेली की रांगेत चिठ्ठी पडते, आणि ज्याचं ते काम आहे तो सवडीने चिठ्ठी उचलतो. पायथॉनमध्ये २०१८ साली ‘सिंपलक्यू’ नावाची रांग आली, तिचं वैशिष्ट्यच हे की एखादी वस्तू जात असतानाही, रांगेत आधीच कुणी काही घालत असलं तरी, तिच्यात बिनधास्त चिठ्ठी टाकता येते. कुणीतरी कुठेतरी आमच्यासारखंच नकाशावर थांबलेलं बघितलं असणार.

आम्हीही तेच केलं. सेशन आता जाताना काही आवरत नाही. जे आवरायचं आहे त्याची चिठ्ठी करून एका रांगेत टाकतं आणि जातं. एक थ्रेड फक्त त्या रांगेसाठी ठेवलाय, त्याच्याकडे दुसरं काम नाही आणि दुसरं कुलूप नाही. त्यानंतर ट्रक थांबले ते फक्त टोल नाक्यावर.

आता घराकडे, कारण ते राहिलं आहे.

मी मघाशी म्हटलं, सातबाऱ्यावर दोन नावं राहिली. आजोबांना मुलं चार होती. दोन आत्या. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरता दिला आणि २००५ साली संसदेने सगळ्या मुलींना. आमच्याकडे २००९ साली दोन्ही आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. कुणी जबरदस्ती केली नाही. गाडी करून नेलं, सही झाल्यावर हॉटेलात जेवण झालं, साड्या झाल्या. माहेर तुटू नये म्हणून सही करायची असते, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. नावं कमी झाली की पुढचं सोपं जातं, असं काका म्हणाले होते, आणि कामाच्या नजरेने बघितलं तर त्यांचं चुकत नाही. मीही दिवसभर तेच करते: घट्ट बाण कमी करा, एक मालक ठरवा, बाकीच्यांना नुसतं ओळखू द्या. फरक इतकाच की कोण मालक आणि कोण ओळखणारं हे कोडमध्ये कामावरून ठरतं. आमच्याकडे ते जन्माआधीपासून ठरलेलं होतं.

आणि उपमा इथे मोडते, ते सांगायला हवं. प्रोग्रॅममध्ये घट्ट धरलं की वस्तू टिकते, हा भाषेचा करार आहे. गावात सातबाऱ्यावर नाव असण्याने एक कौल जागेवर राहत नाही. कोकणात घर दर वर्षी पावसाआधी शाकारावं लागतं, फुटकी कौलं काढून नवी बसवायची, वासे बघायचे, वाळवी झाडायची. एक वर्ष चुकलं तर पाणी भिंतीत जातं, आणि मातीच्या भिंतीला दोन पावसाळे पुरतात. आमची पडवी दोन मालक जिवंत असताना पडली. आकडा पूर्ण दोन होता.

मधलं घर अजून उभं आहे ते धाकट्या आत्यामुळे. ती लांज्याला असते. २००९ नंतर दर मे महिन्यात एसटीने जाते, दोन माणसं लावते, स्वतःच्या पैशाने कौलं परतून घेते. पैशाबद्दल ती कधी बोलली नाही आणि बाबा-काकांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर धरावं लागलं असतं. दोघेही पावसात फोन करून तिला विचारायचे, ‘घर ठीक ना?’ ती म्हणायची, ठीक. ते ज्या क्षणी विचारत त्या क्षणी ते ठीकच असायचं.

पायथॉनमध्ये सध्या एक बदल चालू आहे. इतकी वर्षं त्यात एका वेळी एकच थ्रेड चालायचा, कपाळावरचे आकडे बिघडू नयेत हे त्यामागचं एक मोठं कारण. २०२४ च्या आवृत्तीत हे बंधन नसलेला पायथॉन प्रयोग म्हणून दिला आहे. त्यात प्रत्येक वस्तूचे दोन हिशोब ठेवतात: ज्या थ्रेडने ती निर्माण केली त्याचा वेगळा, बाहेरच्या सगळ्यांचा वेगळा. घरच्याचा हिशोब साधा आणि झटपट, बाहेरच्यांचा सांभाळून, जपून. मी ते वाचत होते आणि डोक्यात आलं, गाववाले आणि चाकरमानी. फक्त आमच्या घरात घरचा हिशोब जिच्या हातात, ती कागदावर बाहेरचीही नव्हती.

मागच्या श्रावणात बाबा गेले. वारस नोंद झाली. आई, माझा भाऊ आणि मी, अशी आमची तीन नावं आता काकांच्या नावाबरोबर लागली आहेत. दिवस झाल्यावर महिन्याभरात काकांचा फोन आला.

‘‘तुझ्या नि वहिनीच्या हक्कसोडचं बघून टाकू या का? नावं कमी झाली की मोकळं होईल सगळं.’’

‘‘काका, मोकळं म्हणजे कुणाला?’’

‘‘अगं, सगळ्यांनाच. तुला काय करायचंय तिथे?’’

हा प्रश्न त्यांनी रागाने विचारला नव्हता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. मी सही करणार नाही एवढं सांगितलं. ते म्हणाले, मग विकणं आणखी पाच वर्षं गेलं. तेही खरंच आहे. भाऊ काही बोलला नाही. आई म्हणाली, तू म्हणशील ते, आणि मग रात्री म्हणाली, पण भांडण नको.

नंतर आत्याला फोन केला. माझ्या वाटणीचं बक्षीसपत्र तुझ्या नावाने करून देते, असं म्हणाले. सोळा वर्षं तूच धरून ठेवलंयस, कागदावरही असू दे. मला वाटलं होतं, तिला रडू येईल. ती हसायलाच लागली.

‘‘अगो, नाव आलं की घरपट्टीची नोटीस माझ्या दारात. नि तुझ्या काकाचा रोज फोन. मला काय करायचंय नाव? तू तुझं ठेव.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘मे महिन्यात ये. माझे हात आता शिडीवर चढायचे नाहीत, नि शाकारायला माणूस मिळत नाही. मिळाला तर समोर उभं राहायला लागतं, नाहीतर फुटकी कौलंच परत लावतो. नळी कौलं आता लांज्यात मिळत नाहीत, पाडलेल्या घराची शोधावी लागतात. पाचशे तरी आणू या. तुझ्याकडे गाडी आहे ना?’’